पडद्याआडच्या अशिलांच्या वकील : कॉर्नेलिया सोराबजी

मुलांनो, मराठी शिकताना एक गोष्ट तुमच्या नक्की लक्षात आली असेल. वकील, कायदा, हक्क, वारस, दस्तऐवज, कचेरी हे शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि मराठीच्या पुस्तकातही ते तुम्हाला जवळजवळ तसेच भेटतात. मराठीतील न्यायकचेरीची भाषा तुम्हाला इतरांपेक्षा लवकर आपलीशी वाटेल. पण आज ज्या काळाची हकीकत तुम्ही वाचणार आहात, त्या काळात यांपैकी पहिलाच शब्द स्त्रीला लावता येत नव्हता. स्त्रीला फिर्याद करता येत होती, तिच्यावर खटला चालत होता, तिला शिक्षाही होत होती. वकील मात्र तिला होता येत नव्हते.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे वडील सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज दांपत्याने आपल्या मुलीसारखे वाढवले होते. त्या इंग्रज आजीच्या नावावरूनच नातीचे नाव कॉर्नेलिया ठेवले गेले. घरात बहिणी पुष्कळ आणि भाऊ एकच. काही वर्षे बेळगावात काढून हे कुटुंब पुण्यात स्थायिक झाले.

पुण्यात फ्रान्सिनाबाईंनी शाळा काढल्या. एक इंग्रजी शाळा, एक मराठी, एक गुजराती आणि एक उर्दू. होय, मुसलमान मुलांसाठी उर्दूतून शिकवणारी शाळा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी या बाईंनी पुण्यात चालवली होती. बहिणींपैकी सुझी पुढे पुण्यातच शिक्षणाच्या कार्यात पडल्या. ॲलिस डॉक्टर झाल्या आणि वायव्य सरहद्दीवरच्या बन्नू येथील रुग्णालयात त्यांनी काम केले. अशा या घरात मुलींनी काय करू नये, याची यादी कोणी करत नसे.

आईकडे नाना प्रकारच्या बायका सल्ला विचारायला येत. एकदा गुजरातेतील एक श्रीमंत विधवा आली. ती आली ती रडतच. तिची मोठी मालमत्ता होती, पण ती सांभाळत होता एक कारभारी. कारभाऱ्याने एके दिवशी एक कागद तिच्यापुढे ठेवला आणि तिने विश्वासाने सही केली. त्या कागदाने तिची सारी इस्टेट कारभाऱ्याच्या नावावर झाली होती! आता ती वकिलाकडे का गेली नाही, असे तुम्ही विचाराल. वकील सगळे पुरुष, आणि परक्या पुरुषासमोर येण्याची, त्याच्याशी मोकळेपणाने बोलण्याची तिला मुभा नव्हती. ज्या पुरुषाशी ती बोलू शकत होती तो एकच, तिला लुबाडणारा कारभारी. छोटी कॉर्नेलिया हे सगळे ऐकत होती. ती बाई निघून गेल्यावर आईने मुलीला समजावले की, अशा अनेक स्त्रिया या देशात आहेत. त्यांना मदत करायची असेल तर तू कायदा शीक. त्या वेळी कॉर्नेलिया शाळकरी मुलगी होती. हिंदुस्थानात कायदा शिकलेली एकही स्त्री नाही, हे बहुधा आईलाही त्या क्षणी आठवले नसावे!

आधी पदवी तर मिळायला हवी होती. मुंबई विद्यापीठाने थोरल्या बहिणींना त्या मुली आहेत म्हणून परीक्षेला बसू दिले नव्हते. वडिलांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि पुढे विद्यापीठाचे दार मुलींसाठी उघडले. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. शेकडो मुलगे आणि एकटी मुलगी. काही मुलगे वर्गाचे दार त्यांच्या तोंडावर लावून घेत. त्या दारासमोर उभ्या राहत, पण घरी परत जात नसत. शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा त्या आपल्या तुकडीत पहिल्या आल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर.

पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती कॉर्नेलियांना मिळाली नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे त्याप्रमाणे, कारण एकच होते, त्या स्त्री होत्या. मग त्या काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेल्या. ते कॉलेज होते मुलग्यांचे. ज्यांनी दारे लावून घेतली होती, तसल्याच तरुणांना आता वर्गात शांत बसून या बाईंचे ऐकावे लागले.

इंग्लंडमधील काही लोकांना ही शिष्यवृत्तीची हकीकत कळली आणि त्यांनी आपसांत वर्गणी गोळा केली. जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. वर्गणी देणाऱ्यांत त्याही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या मुलींच्या संस्थेत दाखल झाल्या. थंडीच्या त्या देशातही त्यांनी साडी सोडली नाही.

ऑक्सफर्डमध्ये तोवर कोणत्याही स्त्रीने कायद्याची ही वरची परीक्षा दिलेली नव्हती. बेलियल कॉलेजचे वृद्ध प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांची बाजू उचलून धरली. ऑल सोल्स कॉलेजच्या कायदेविषयक ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगीही त्यांना मिळाली. पण १८९२ मध्ये परीक्षा तोंडावर आली आणि नवेच विघ्न उभे राहिले. परीक्षक स्त्रीची उत्तरपत्रिका तपासायला तयार होईनात. अखेर विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, तेव्हा कुठे त्या पुरुष विद्यार्थ्यांबरोबर परीक्षेला बसल्या. तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. त्यांना या वर्गाचे वाईट वाटले. पण परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत आपल्याला बसू देणार की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो अभ्यास कोणत्या मनाने करणार? तुम्हीच विचार करा.

उत्तीर्ण होऊनही पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे! तो नियम १९२० मध्ये बदलला आणि १९२२ मध्ये कॉर्नेलियाबाईंनी जाऊन आपली पदवी घेतली. परीक्षेनंतर बरोबर तीस वर्षांनी.

१८९४ मध्ये त्या हिंदुस्थानात कामाला लागल्या. ज्या स्त्रियांसाठी त्या कायदा शिकल्या होत्या, त्यांना मराठीत पडदानशीन म्हणतात. तुम्ही पर्दानशीन म्हणाल. पडदा केवळ मुसलमान घरांत होता, असे कोणी समजू नये. बंगाल, बिहार, काठियावाड, राजपुताना येथील उच्च कुळांतील हिंदू राण्या आणि जमीनदारांच्या बायकाही तितक्याच कडक पडद्यात राहत. एकाच वाड्यात जन्म, लग्न झाले की दुसऱ्या वाड्यात, आणि तेथेच शेवट, असे कित्येकींचे आयुष्य होते.

या स्त्रियांना हक्क मुळीच नव्हते असे नाही. येथे आपण थोडे थांबू या, कारण सगळी गोम येथेच आहे. मुस्लिम कायद्याप्रमाणे विधवेला मुले असतील तर नवऱ्याच्या मालमत्तेचा आठवा हिस्सा मिळतो, मुले नसतील तर चौथा. शिवाय मेहरची रक्कम तिची स्वतःची असते. मुलीलाही हिस्सा असतो. त्या काळच्या हिंदू विधवेला पोटगीचा हक्क होता. मुलगा नसेल तर नवऱ्याची मालमत्ता हयातभर उपभोगता येत होती. स्त्रीधन तर तिचेच. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने आणि इथल्या न्यायालयांनी आणखी एक चांगला नियम घालून दिला होता. पडदानशीन स्त्रीने एखाद्या दस्तऐवजावर सही केली, तर तो तिला नीट वाचून दाखवला होता व तिला तो समजला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या दस्तऐवजाचा फायदा घेणाऱ्यावर पडे. न्यायालयात समक्ष हजर राहण्यातूनही अशा स्त्रियांना सूट होती.

मग अडत कुठे होते? अडत होते ते वाड्याच्या आत. हक्क आहे हे तिला सांगणार कोण? कारभारी सांगणार नाही, दीर सांगणार नाही. कागद पडद्याखालून आत सरकवला जाई आणि अंगठा उठवून बाहेर येई. तो अंगठा राणीचा की एखाद्या दासीचा, हे बाहेर बसलेल्या माणसाला कसे कळणार? पुरुष वकील आला तरी तो पडद्याबाहेर बसणार. त्याचा प्रश्न आत पोचवणारा आणि आतले उत्तर बाहेर आणणारा माणूस पुन्हा त्या कारभाऱ्याचाच असायचा. न्यायाधीशाने कितीही चांगला नियम केला, तरी फिर्यादच बाहेर येत नसेल तर त्या नियमाचा उपयोग काय?

हा पडदा ओलांडून आत जाऊ शकेल अशी वकील हवी होती. आणि अशी एक होती. पण तिला न्यायालयात जाता येत नव्हते!

काठियावाड आणि इंदूरकडील संस्थानांत, इंग्रज एजंटासमोर बाजू मांडण्याची खास परवानगी कॉर्नेलियाबाईंना मिळाली. त्या दिवसांतली एक हकीकत त्यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. पंचमहाल भागातील एका राजाने एका हत्तीचा नेमून दिलेला हक्क बंद केला होता. बाईंनी हत्तीचे वकीलपत्र घेतले. न्याय देणार कोण? तोच राजा! त्या कायद्याची तयारी करून गेल्या. राजाचा कुत्रा त्यांच्याजवळ येऊन बसला. राजाने ते पाहिले आणि हत्तीच्या बाजूने निकाल दिला, कारण आपल्या कुत्र्याला जी माणसे आवडतात ती खरी असतात, असा त्याचा विश्वास होता. वकीलबाई जिंकल्या, पण त्यांना काही केल्या समाधान वाटेना. युक्तिवाद कोणी ऐकलाच नव्हता.

ब्रिटिश न्यायालयांत उभे राहायचे तर इथली परीक्षा हवी, असे सांगण्यात आले. त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा दिली. १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. तरी न्यायाधीशांनी त्यांचे नाव वकिलांच्या यादीत घेतले नाही. एवढ्या परीक्षा झाल्यावर दुसरे कोणी असते तर कंटाळून शाळा काढून बसले असते.

त्यांनी वेगळी वाट शोधली. त्या काळी एखाद्या जमीनदारीचा वारस अज्ञान असेल किंवा मालकी स्त्रीकडे असेल, तर त्या जमीनदारीचा कारभार सरकार आपल्याकडे घेई. या खात्याला कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणत. खाते सरकारी, त्यातले अधिकारी पुरुष. ज्या राणीची जमीनदारी ते चालवत, त्या राणीचे तोंडही त्यांनी पाहिलेले नसे. १९०२ पासून कॉर्नेलियाबाईंनी सरकारकडे अर्ज सुरू केले की, या खात्याला स्त्री कायदे सल्लागार नेमा. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. थोड्याच वर्षांत बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसाम एवढ्या मोठ्या मुलखाचे काम त्यांच्याकडे आले.

नकाशात हा मुलूख जरूर पाहा. कोठे आगगाडी, कोठे नाव, कोठे पालखी, कोठे हत्ती, असा प्रवास करत त्या एकेका वाड्यावर पोचत. देवडीवर पुरुष थांबत आणि त्या सरळ आत जात. आत गेल्यावर मात्र लगेच कागद काढून चालत नसे. आधी बसायचे, मुलांची विचारपूस करायची, पानसुपारी घ्यायची, दुखणीखुपणी ऐकायची. एखादी राणी दोन दिवस इकडचे तिकडचे बोले आणि तिसऱ्या दिवशी हळूच मुद्द्यावर येई. तिची पोटगी सहा महिने पोचलेली नसे. किंवा दत्तक घेण्यासाठी नातेवाईक तिच्यावर दडपण आणत असत. किंवा अज्ञान वारसाच्या जेवणात कोणी विष कालवील या भीतीने ती रात्ररात्र जागत असे. ही भीती नेहमीच कल्पनेतली नव्हती. मोठ्या इस्टेटीच्या लहान वारसाचे प्राण तेव्हा खरोखर धोक्यात असत.

बाई तिचे म्हणणे शब्दशः टिपून घेत. मग खात्याकडे अहवाल जाई, हिशोब तपासले जात, कधी कारभारी बदलला जाई, कधी घरातला तंटा कचेरीत न नेताच मिटवला जाई. लहान वारसांच्या शिक्षणाची व्यवस्थाही त्या करत. वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांची कामे त्यांनी पाहिली. काहींकडून एक पैसाही घेतला नाही. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

या बायकांनी पडदा सोडावा, असा आग्रह कॉर्नेलियाबाईंनी धरला नाही. आधी शिक्षण, आधी विश्वास, मग जे व्हायचे ते त्यांच्या मर्जीने होईल, असे त्यांचे मत होते. त्या काळच्या काही सुधारकांना हे फार सावकाशीचे वाटे. पण अशा घाईने सुधारणा करू पाहणाऱ्याला वाड्याच्या आत कोणी घेतलेच नसते, हेही खरे.

दरम्यान इतर स्त्रियाही न्यायालयांची दारे ठोठावत होत्या. १९१६ मध्ये कलकत्त्याला रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला. कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता. स्त्री ही व्यक्ती आहे की नाही, यावर विद्वान न्यायाधीश विचार करत बसले आणि वकिलीपुरती ती नाही, असा निकाल झाला! पुढे पाटण्याला सुधांशुबाला हजारा यांचा अर्जही फेटाळला गेला. पण वारे फिरत होते. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव वकिलांच्या यादीत घातले. परीक्षा दिल्यापासून बावीस वर्षांनी. आणि १९२३ मध्ये खास कायदा होऊन हिंदुस्थानातील सर्व स्त्रियांना वकिली खुली झाली. लंडनच्या लिंकन्स इनमध्ये त्यांना बॅरिस्टरीही मिळाली. त्याच सुमारास आपल्या मिठन टाटा बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. त्याच पुढे मिठन लाम म्हणून प्रसिद्ध झाल्या.

१९२४ मध्ये कॉर्नेलियाबाईंनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. वय सत्तावन्न. तुम्हाला वाटेल, आता सारे सुरळीत झाले असेल. तसे झाले नाही. कायदा बदलला तरी पुरुष वकिलांची मने बदलली नव्हती. कागद पाहून लेखी मत देण्याचे काम त्यांच्याकडे येई, न्यायाधीशांसमोर उभे राहून बाजू मांडण्याचे काम क्वचितच. १९२९ मध्ये त्यांनी काम थांबवले आणि त्या लंडनला राहू लागल्या. हिवाळ्यात त्या हिंदुस्थानात येत.

त्यांच्या चरित्रातील एक बाजू सांगायची राहिली आणि ती लपवून चालणार नाही. देशात स्वातंत्र्याची चळवळ जोरात होती तेव्हा कॉर्नेलियाबाई इंग्रज राज्याच्या बाजूने होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना पसंत नव्हती. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेने हिंदुस्थानची नालस्ती करणारे एक पुस्तक लिहिले. देशभर संताप उसळला. कॉर्नेलियाबाईंनी मात्र त्या पुस्तकाची पाठराखण केली. परिणाम व्हायचा तोच झाला. त्यांच्याबरोबर समाजकार्य करणाऱ्या स्त्रिया दुरावल्या आणि त्यांनी उभे केलेले काम कोलमडले. ज्या सरकारने शिष्यवृत्ती नाकारली, वकिली नाकारली, त्याच सरकारवर त्यांचा एवढा विश्वास कसा राहिला, हे कोडे मला तरी उलगडत नाही. कदाचित वाड्यांच्या आत जाण्याचे एकमेव दार त्यांना त्याच सरकारने उघडून दिले होते, म्हणून असेल.

त्यांनी पुस्तके पुष्कळ लिहिली. त्यांत पडद्याआडच्या स्त्रियांच्या कथा आहेत आणि १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘इंडिया कॉलिंग’ हे आत्मचरित्र आहे. ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. त्यांची पत्रे आणि रोजनिश्या लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. ज्यांचा चेहरा बाहेरच्या जगाने कधी पाहिला नाही, अशा कितीतरी बायकांची गाऱ्हाणी त्या कागदांत आहेत.